भरल्या गाडीचं दार

त्याचं खरं नाव काय, हे विचारलं असतं तर त्यालाही घटकाभर आठवावं लागलं असतं. सगळे त्याला टकाटक म्हणत. थोरली बहीण आक्का तेवढी रागावली की 'गाढवा' म्हणायची, पण तो मान तिचा एकटीचा.

नाव पडलं ते गाडीवरून. शिलाई कारखान्यातल्या बायकांना सकाळी कामावर नेणारी आणि संध्याकाळी घरी सोडणारी ती जुनी व्हॅन. वयानं म्हातारी, पण रोज नटून उभी. उजाडायच्या आत टकाटक पाण्याचा पाइप घेऊन तिला आतून-बाहेरून धुवायचा. बाकांखालचे कोपरे, रबरी मॅट, दाराची खाच, काही म्हणता काही सोडायचा नाही. बायको होती तेव्हा म्हणायची, "या सवतीला एकदाची घरातच आणून ठेवा, म्हणजे मी अंगणात झोपते."

या म्हातारीला अलीकडे एक खोड लागली होती. तिचं सरकतं दार गाडी रिकामी असली की लोण्यातून सुरी जावी तसं जायचं. गाडी भरली की अडायचं. त्यावर टकाटकनंच तोडगा काढला होता. कारखान्याच्या फाटकाशी गाडी लागली की तो ओरडायचा, "चला गं, मागं!" मग सगळ्या बायका खिदळत मागच्या बाकाकडे सरकायच्या, कुणी कुणाच्या मांडीवर बसायची, की दार कुरकुरत सुटायचं. नवी बाई कामाला लागली की जुन्या तिला शिवणयंत्राच्या आधी हे शिकवायच्या.

आक्काही त्याच कारखान्यात बटणं लावायची. तिची जागा मधल्या बाकावर, दाराला खेटून. अंगानं भारदस्त, त्यात गुडघे धरलेले, म्हणून मागं सरकायला सगळ्यांत शेवटी तीच.

"माझ्यासारखी जड बाई बघून लाजतंय तुझं दार," ती म्हणायची.

"लाजत नाही आक्का, घाबरतंय."

गाडीभर हशा पिकायचा.

एका सकाळी धुताना दाराखालच्या पट्टीवर रंगाला फोड आलेला दिसला. टकाटकनं नखानं दाबला, तर फुटला आणि तांबूस पाणी बोटावर आलं. बोट हुंगलं, पँटला पुसलं. पण दिवसभर डोळा तिथंच जात राहिला. शेवटी बायकांना सोडून तो पत्रेवाल्याकडे गेला.

पत्रेवाला जुना दोस्त. हातोडीनं ठोकत पट्टीवरून चालला. ठण, ठण, ठण, आणि मग थप. भिजल्या पुठ्ठ्यावर मारावं तसं. त्यानं तिथं स्क्रूड्रायव्हर टेकवला. तो मुठीपर्यंत आत गेला.

"मॅट उचल."

मॅट टकाटकनं स्वतः चिकटवलेली. ओढून काढली तर खालून कोंदट वास आला आणि पत्र्याचे पापुद्रे तिच्याबरोबरच निघाले.

"किती वर्षं धुतोस आतून?"

"पहिल्या दिवसापासून. एक दिवस खाडा नाही."

"अंघोळ घालतोस, पण अंग कधी पुसलंस का? सगळं पाणी या मॅटखाली मुरलंय. उंबरा गेला हिचा." दाराखालच्या त्या पोकळ पट्टीला तो उंबरा म्हणायचा. "घराचा उंबरा गेला तर ठेच लागते. गाडीचा गेला तर पाठीचा कणाच गेला."

टकाटकला हसण्यावारी न्यायचं होतं. म्हणून त्यानं दाराची गंमत सांगितली. भरल्या गाडीत कसं अडतं, बायका कशा मागं सरकतात, आक्का काय म्हणते.

पत्रेवाला हसला नाही. त्यानं हातोडी खाली ठेवली.

"म्हणजे माणसं बसली की गाडी मधोमध खचते. चौकट दबते आणि दाराला चिमटीत धरते. तुझ्या बाया मागच्या चाकावर सरकल्या की मधलं ओझं हटतं, तेवढ्यापुरती चिमटी सुटते. खोड नाही ती, दोस्ता. एखाद्या दिवशी मागं सरकायला सवडच मिळाली नाही तर?"

"किती दिवसांचं काम?"

"सगळं कापून नवं जोडायचं. महिना तरी."

महिना! कारखान्याच्या मुकादमाकडे एक नव्या गाडीवाला रोज सलाम ठोकून जायचा. महिनाभर जागा मोकळी सोडली की तो तिथं बसणार, आणि बसलेला माणूस उठत नसतो.

"तेवढी लांबी भरून दे की," टकाटक म्हणाला. लांबी म्हणजे खड्डे बुजवायचा लगदा. वाळला की दगडासारखा, वर रंग मारला की कुणाला पत्ता लागत नाही.

"लांबीनं काम लांबणीवर पडतं, संपत नाही. मी नाही भरायचो."

सुट्टीच्या दिवशी टकाटकनं स्वतःच डबा आणला. भोकांत जाळी कोंबली, वर लांबी थापली, घासली, रंगवली. हात सफाईचा. गाडी अशी दिसू लागली की जणू काल गाड्यांच्या कारखान्यातून सुटली. आक्का बघायला आली.

"तोंड छान रंगवलंस म्हातारीचं. पत्रेवाला काय म्हणाला?"

"काय म्हणणार? किरकोळ आहे म्हणाला."

"मग बरं," आक्का म्हणाली. तिनं पुढं काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटून गेलं.

दुसऱ्या दिवशी गाडी भरून निघाली. गतिरोधकावर खालून 'कट्' असा कोरडा आवाज आला. टकाटकनं आरशात पाहिलं. बायका गप्पांत दंग होत्या.

फाटकाशी त्यानं हाळी दिली, "चला गं, मागं!"

सगळ्या सरकल्या. दार हललं नाही.

"आणखी सरका!"

"आता काय डिकीत बसू?" कुणीतरी म्हणालं, आणि हसू फुटलं. दोघींनी आतून रेटा दिला, बाहेरून टकाटक लोंबकळला. दार भिंतीसारखं. हसू एकेकीच्या तोंडावरून उतरत गेलं. मागच्या कोपऱ्यातून बारीक आवाज आला, "दादा, उघडा ना."

मग एकेक बाई पुढची सीट ओलांडून, गिअरचा दांडा चुकवत त्याच्या दारातून उतरली. आक्काचं शरीर तिथून निघणारं नव्हतं. ती एकटी जागेवर बसून राहिली, पिशवी मांडीवर घट्ट धरून. बंद काचेतून भावाकडे बघत होती. 

गाडी रिकामी झाली तरी दार हलेना, तेव्हा त्यानं पहार आणली आणि कालच्याच रंगात घातली. लांबीची खपली भाकरीएवढी सुटून पडली. तिच्यामागं पत्रा असा नव्हताच. तिसऱ्या हिसड्याला दार उघडलं. आक्का त्याच्या खांद्याचा आधार घेऊन उतरली आणि त्या भगदाडाकडे बघत राहिली.

"किरकोळ का रे हे?"

त्यानं पडलेली खपली पायानं गाडीखाली सारली.

"संध्याकाळी वेळेवर ये. माझे गुडघे ठणकतात उभं राहून," एवढं म्हणून ती आत गेली.

म्हणजे ती पुन्हा बसणार होती. तो बस म्हणाला की बसणार होती. टकाटक स्वतःला ओळखून होता. संध्याकाळपर्यंत मन फिरेल, 'आजचा एक दिवस' म्हणेल, आणि उद्याही तेच म्हणेल. बाकच काढून टाकावेत, म्हणजे बसवायचं म्हटलं तरी कुणाला बसवता येणार नाही, म्हणून तो पाना घेऊन आत शिरला. आक्काच्या बाकाच्या बोल्टला पाना लावला आणि जोर काढायला पाय रोवला.

जोर लागलाच नाही. बोल्ट न फिरताच वर आला, तळहाताएवढ्या पत्र्यासकट. खाली रस्त्याचं डांबर दिसलं.

त्यानं शेजारचा दोन बोटांनी उचलून पाहिला. तोही आला.

तिसऱ्याला त्यानं हात लावला नाही. तो सरळ मुकादमाच्या खोलीत गेला.

"संध्याकाळी त्या दुसऱ्या गाडीवाल्याला बोलवा."

"का? तुमची तर आत्ताच रंगवलीय. आणि एकदा बोलावलं तर मग रोज तोच येणार, बघा."

"बोलवा," टकाटक म्हणाला, आणि मुकादम नंबर फिरवून बोलू लागेपर्यंत दारातून हलला नाही.