ढिगाभोवती चालणारे मामा

अकोल्याहून निरोप घेऊन माणूस अमरावतीच्या शाळेत आला, तेव्हा मी मुलांना शिकवीत होतो. आत्माराममामा गेले. त्याला आता महिना होईल...

मला मुंबईच्या कॉलेजात धाडले ते मामांनीच. अमेरिकेतल्या लढाईमुळे तेव्हा कापसाला तेजी होती. मामा अकोल्याच्या बाजारात कूत करीत, म्हणजे कापसाच्या ढिगाचे वजन नुसते पाहून सांगत. त्यांच्या शब्दावर शेतकरी आणि दलाल दोघेही सौदा करीत. मात्र एका जागी उभे राहून ते कधी आकडा सांगत नसत. आधी ढिगाभोवती मान डोलवत फिरत. लोक म्हणत, बुढा प्रदक्षिणा घालून राहिला.

एका सुट्टीत मी घरी आलो, तेव्हा एका दलालाने मुंबईहून दोन भिंगांची पेटी आणली होती. आत आपल्याच बाजाराच्या दोन तसबिरी, एकमेकींपासून हातभर अंतरावरून काढलेल्या. त्यामुळे खोली नुसत्या डोळ्यांना दिसते त्याहूनही जास्त भासे, पुढचे ढीग अंगावर येत. सगळे हरखले. मामांनी भिंगांना डोळे लावले, मान डोलवली, मग पेटीच हलवून पाहिली. कागदच तर आहे, म्हणाले.

दलाल हसला. "पाटील, ढीगच दिसत नाही तर कूत कायची करता?"

मला वाटले, शिकलेले सांगायची हीच वेळ. मी सर्वांदेखत समजावले, की दोन डोळ्यांना दोन निराळी चित्रे दिसतात आणि ती जुळली की खोली कळते. एकाच डोळ्याने पाहणाऱ्याला पेटीत सगळे सपाटच दिसणार... बोलून झाल्यावर मला माझे बोलणे कळले. मामांचा डावा डोळा लहानपणीच अधू झाला होता. वरून तो धड दिसे. हे बाजाराला ठाऊक नव्हते, मलाही त्या क्षणापर्यंत नव्हते.

"खरं सांगून राहिला पोरगा," मामा म्हणाले. "म्हनून तर मी चालतो. चाललं का जवयचं सरकते, दूरचं थांबते. मंग ढीग समजते."

समोरच्या ढिगाची कूत त्यांनी तिथेच केली. तोलल्यावर ती बरोबर निघाली. तरी पुढच्या हंगामात दलालांनी त्यांना बोलावले नाही. मामा शेतीत रमल्यासारखे दाखवत. माफी मागायची म्हणून मी दोनदा अकोल्याला गेलो, आणि पिकापाण्याचे बोलून परतलो.

तेराव्याला अकोटकडचे एक शेतकरी शेजारी बसले होते. भाचा तो तुम्हीच का, असे त्यांनी विचारले. बाजार सुटल्यावरही मामा कूत करायला त्यांच्याकडे जात, आणि डोळ्याचा विषय निघाला की दर वेळी एकच सांगत:

"साऱ्या बाजारात कोनाले समजलं नाही. माह्या भाच्याले समजलं."