परसदारचा फोटो

कुंभकोणमला लग्नांचे फोटो काढण्यात हनुमंतरावांची हयात गेली. नवरानवरी, मांडव, समया, सगळं पुढून आणि सजवलेलं. मग प्रत्येक मामाच्या हातात फोन आला आणि यांचा स्टुडिओ बसला. घरात बायकोचं डोकं खाण्यापेक्षा बरं म्हणून ते रोज सकाळी कॅमेरा गळ्यात अडकवून चालायला निघू लागले. तेही मोठ्या रस्त्याने नाही, मागच्या गल्ल्यांनी. कावेरीचं पाणी देवळाच्या तळ्याकडे नेणारा जुना कालवा तिथून जातो. आता पाणी थोडं, गाळ आणि पिशव्याच फार. पण त्याच्या काठावर घरांची परसदारं उघडतात. तिथे भांडी घासली जातात, केस विंचरले जातात, सासवासुनांची भांडणं होतात. जन्मभर लोकांना "हसा" म्हणणाऱ्या माणसाला न हसणारी तोंडं पहिल्यांदाच दिसली, आणि म्हातारपणी खूळच लागलं.

त्या कालव्यावरच अंबुजाअक्काचं स्वयंपाकघर होतं. अक्का त्यांची मावसबहीण. घर लहान, म्हणून तिच्या नवऱ्याने हयात असताना मागे चार खांब रोवून पत्र्याखाली चूल मांडून दिली होती. तिच्यावर ती लग्नघरांसाठी मुरुक्कू, म्हणजे तिकडच्या चकल्या, आणि लाडू करी. नवऱ्यामागे तेवढ्यावरच तिचं चालायचं.

"मागलें दार कशास दाखवतोस रे?" ती म्हणाली. "लोक पुढून बघोत की."

"पुढलें सगळे बघतात, अक्का. तूं उगी उभी रहा."

ती राहिली, हाताला पीठ तसंच. मागे धूर, खाली पाणी, पाण्यात उतरलेले खांब. फोटो झकास आला, हे कुणीही कबूल करील.

गावातल्या हौशी मंडळींनी प्रदर्शन भरवलं तेव्हा तोच फोटो दारासमोर लागला. नगरपालिकेच्या कचेरीतले एक साहेब त्याच्यापुढे बराच वेळ थांबले. महामहमच्या उत्सवाआधी कालवे मोकळे करायचे आहेत, हे हनुमंतरावांनी पेपरात वाचलं होतं. पण कौतुक सुरू झालं की माणसाला दुसरं काही ऐकू येत नाही. ही जागा कुठली, असं साहेबांनी विचारलं मात्र, दुसऱ्याच दिवशी हे त्यांना घेऊन निघाले. हे घर कुणाचं, तो पत्रा कुणी कधी घातला, सगळं हौसेने सांगत. अक्काकडे तर दोघांची कॉफीही झाली. लोक आपल्या पायावर धोंडा पाडून घेतात; या शहाण्यांनी तो अक्काच्या पायावर पाडला.

अक्काच्या भिंतीवर पाडापाडीच्या लाल खुणा उमटल्या तेव्हा ते कचेरीत धावले. साहेब सभ्य होते, खुर्ची दिली. "तुमच्या फोटोत खांब चक्क पाण्यात आहेत," ते म्हणाले. "आम्हाला दुसरा पुरावा शोधावाच लागला नाही."

यंत्र आलं आणि न्याहारीच्या आत पत्रा, खांब, चूल सगळं कालव्यातून उचलून घेऊन गेलं. लग्नघरांनी मुरुक्कूवाली दुसरी शोधली.

हनुमंतराव बरेच दिवस तोंड लपवून होते. शेवटी कॅमेरा घरी ठेवून गेले. अक्का पुढच्या ओट्यावर बसली होती.

"अक्का, मला ठाऊक नव्हतें गे."

"वांग सार, उक्कारुंग," ती म्हणाली. या साहेब, बसा.

या मुलखातल्या मराठी माणसांची रीत अशी, की उंबऱ्याबाहेर तमिळ आणि घरच्यांशी मराठी. अक्का त्यांच्याशी जन्मात कधी तमिळ बोलली नव्हती. रागावली ती मराठीत, जेवायला वाढलं ते मराठीत.

"शिव्या दे, अक्का," ते म्हणाले. "पण आपल्यांत बोल."

तिने पाणी हवं का विचारलं, तमिळमध्येच, अगदी आदराने.

शेजारीण भिंतीपलीकडून ओरडली, कोण आलंय म्हणून. अक्काने तिलाही तमिळमध्ये सांगितलं, "कुणी नाही. फोटोवाले आहेत."