फाईलमधलं प्रश्नचिन्ह

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या हॉस्पिटलात मी नवा डॉक्टर होतो, फायली अजून कागदी होत्या. त्यातले आजार कोड लावून कॉम्प्युटरवर चढवणाऱ्या एक बाई तळघरातून धापा टाकत वॉर्डात आल्या. माझ्या अक्षराखाली त्यांनी पेन्सिल धरली. एका बाळाच्या घशात जन्मतःच पडदा होता. तपासणीत तो स्पष्ट दिसला, तरी माझ्या वरच्या कन्सल्टंट डॉक्टरांच्या धाकाने निदानापुढे आधी घातलेलं प्रश्नचिन्ह मी खोडलं नव्हतं.

“आम्हाला शंकेला कोड लावता येत नाही, डॉक्टर. मी फक्त ‘श्वासाला आवाज’ एवढंच भरणार. उद्या कुणी बेसावधपणे या घशात श्वासाची नळी घातली तर?”

 प्रश्नचिन्ह खोडून मी सही केली.

पेन्सिल कानामागे खोचत त्यांनी हळूच विचारलं, “अशी प्रश्नचिन्हं आणखी किती आहेत?”

 तो आकडा मला आजही सांगता येत नाही.