प्लास्टिकमधली पदवी

आजवर कुणाला सांगितलं नाही. लेकीची पदवी पोस्टानं आली, ती तिच्या हाती देण्याआधी मीच हौसेनं लॅमिनेट करून आणली. परवा तिच्या परदेशातल्या नोकरीसाठी त्यावर सरकारी शिक्का घ्यायला गेलो. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, “काका, प्लास्टिकवर शिक्का बसत नाही. विद्यापीठातून दुसरी प्रत आणा.”

रांगेत मागे उभ्या गृहस्थांनी हातातली चकचकीत पदवी हळूच पिशवीत सरकवली. “आम्ही तर लेकाचा जन्मदाखलाही सोडला नाही,” ते पुटपुटले.

डाग पडू नये म्हणून आम्ही बापांनी जन्मभर जपायचं, आणि परदेशी जायला नेमका डागच लागतो.

लेकीचं रुजू होणं लांबलं. पदवी प्लास्टिकमध्येच आली असं समजून ती विद्यापीठाला शिव्या घालते, मी मान डोलावतो. तिला खरं सांगणं अजून बाकी आहे.