मागची सीट रिकामी हाय

मकबूल डॉक्टर कुणाच्याही घरी गेले, की घरातल्या पोरांकडे बघून तीन प्रश्न विचारत: खातंय का, झोपतंय का, रवंथ करतंय का. एकदा एका लग्नात त्यांनी नवरदेवाबद्दल हेच विचारलं आणि मुलीकडची मंडळी चांगलीच बिथरली.

बाळांनो, ते गुरांचे डॉक्टर होते. खरं तर सरकारी दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक. पण देगलूरपासून बिलोलीपर्यंत सगळे त्यांना डॉक्टरच म्हणत. आमची आणि त्यांची भिंत एकच होती. मी देगलूरच्या शाळेत इंग्रजी शिकवत असे, म्हणून त्यांच्यासाठी मी ‘बाई’. डॉक्टर उंच आणि काटकुळे, फटफटी बुटकी, त्यामुळे गुडघे दोन्हीकडे हँडलच्या वर आलेले. शर्टाच्या खिशात थर्मामीटर. तो कुठे कुठे जाऊन आला आहे, हे मी कधी विचारलं नाही.

रवंथाचं कोडं मी त्यांनाच विचारलं होतं. म्हणाले, “आपले पेशंट बोलत न्हाईत, बाई, म्हणून बघायची सवय लागली. जनावराचा रवंथ थांबला की समजायचं, आत कायतरी बिघडलंय. माणसाचा रवंथ म्हंजे काय? चार जणांत बसून उगं गप्पा हाणणं.”

भूकंप झाला तेव्हा त्यांना किल्लारीकडे वाचलेल्या जनावरांसाठी पाठवलं होतं. दोन महिने ते पत्र्याच्या शेडमध्ये राहिले. तिथे एक शेतकरी होता, बायको गेलेली, घर गेलेलं, बैल तेवढा वाचलेला. त्याच्यापुढे बसून साहेब लोक प्रश्न विचारत आणि तो नुसता त्यांच्याकडे बघत राही. एके दिवशी बैलाचं औषध आणायला डॉक्टरांनी त्याला फटफटीवर मागे घेतलं. गाव सुटल्यावर तो जो बोलायला लागला, तो लातूर येईपर्यंत थांबला नाही. डॉक्टर सांगत, “समोर बसलं की माणूस तोंड मिटतंय. मागं बसलं की बोलतंय. तोंड दिसत न्हाई ना कुणाला, न त्याचं मला, न माझं त्याला.” एवढी एक विद्या त्यांनी त्या दोन महिन्यांत मिळवली, आणि ती त्यांना आयुष्यभर पुरली.

पुढे डॉक्टर-इंजिनियर घडवणाऱ्या क्लासचे दिवस आले. दहावीचा निकाल लागला की आमच्या गल्लीतून गाद्या बांधून, पत्र्याच्या पेट्या घेऊन पोरं निघत, कुणी लातूरला, कुणी नांदेडला. दिवाळीत परत येत तेव्हा काही पोरं अंगणात येऊन बसतच नसत. डॉक्टरांना ते दिसायचं. निवृत्त झाले आणि त्यांनी जाहीर केलं, की देगलूरहून निघायचं, बिलोली, नांदेड, लातूर करत लातूरपुढच्या मुरुडपर्यंत जायचं, वाटेत प्रत्येक क्लासच्या गल्लीत थांबायचं आणि सांगायचं, की मन दुखत असेल तर बोला, औषध मिळतं. त्यांच्या पत्नी रेहानाभाभी म्हणाल्या, आयुष्यभर म्हशींमागे फिरलात, आता पोरांमागे फिरा, घरी तेवढे बसू नका.

फटफटीवरच्या पाटीचा मजकूर माझ्याकडून हवा होता. मी दोन दिवस विचार करून ‘युवकांच्या मानसिक स्वास्थ्यासाठी दुचाकी जनजागृती यात्रा’ असं सुवाच्य अक्षरात लिहून दिलं. त्यांनी ते अदबीने वाचलं. “बाई, लई भारी हाय. पण पोरगं हे वाचंपर्यंत मी पुढल्या गावाला गेलो की.” मग पेंटरकडून त्यांनी स्वतःचं लिहून आणलं: ‘मागची सीट रिकामी हाय. बसा. बोला.’ ‘हाय’चं ‘आहे’ करा म्हणून मी बरीच हुज्जत घातली. पेंटरने रंग संपल्याचं सांगितलं.

व्हायचं तेच झालं. बिलोलीच्या फाट्यावर एक म्हातारी कोंबडी घेऊन मागे बसली आणि म्हणाली, नरसीला सोड. पुढे एकजण निवडणुकीला उभे आहात का म्हणून विचारून गेला. डॉक्टरांनी म्हातारीला उतरवलं नाही. मला म्हणाले, म्हातारी सुनेबद्दल नरसीपर्यंत बोलून राहिली होती, तिचं बी मनच हाय की.

आता तुमच्या आईचं सांगते. तिला विचारून लिहिते आहे, तीच म्हणाली लिही. तेव्हा आमची मीनू सतरा वर्षांची, लातूरला क्लाससाठी खोली घेऊन राहिलेली. तिच्या कपाटाला मी तीन रंगांच्या शाईने वेळापत्रक लावून दिलं होतं, त्यात डोक्याला तेल लावायचीसुद्धा वेळ होती. दर रविवारी घरमालकिणीच्या फोनवर मी विचारी, कसं चाललंय? ती म्हणे, चाललंय.

डॉक्टरांच्या त्या पहिल्याच फेरीत मी त्यांच्याकडे तिच्यासाठी चिवड्याचा डबा दिला, आणि वेळापत्रक पाळते का तेवढं बघा म्हणून सांगितलं. तिसऱ्या दिवशी लातूरहून त्यांचा फोन आला. इकडचं तिकडचं काही नाही. “बाई, डबा दिला. मीनूनं आत काय हाय ते बी इचारलं न्हाई. तुम्ही या. मी थांबलोय.”

मी पहिल्या एसटीने गेले. मीनू पलंगावर बसली होती. वह्या उघडल्या तर महिन्याभराची पानं कोरी. मी विचारायला सुरुवात केली, मग समजावायला, मग बोलायला, आणि बोलण्यात माझा हात कुणी धरत नसे. तासाभराने माझ्या लक्षात आलं, की ती भिंतीवरच्या एका खिळ्याकडे बघते आहे. मला पहिल्यांदा भीती वाटली. खाली हॉर्न वाजला. डॉक्टर म्हणाले, मुरुडला निघालोय, दोघी बी चला.

मी म्हटलं, तिघं? नियमात बसत नाही.

“नियमात न्हाई बसत, पर सीटवर बसतंय. चला.”

शाळेत वाहतुकीच्या नियमांवर निबंध लिहून घेणारी मी, इस्त्रीच्या साडीत, ट्रिपल सीट, भर लातुरातून. पुढे डॉक्टर, मध्ये मी एका अंगाने, मागे मीनू. गाव सुटलं. दोन्ही बाजूंना तुरी उभ्या होत्या. बऱ्याच वेळाने तिचं कपाळ माझ्या खांद्याला टेकलं आणि तिथूनच ती बोलली. “आई, मी क्लासला जात नाही. पुस्तक उघडलं की अक्षरं दिसतात, आत काहीच जात नाही. कधीकधी वाटतं, सकाळ झालीच नाही तर बरं.”

मी गर्रकन वळले. फटफटी हेलकावली. डॉक्टर रस्त्यावरची नजर न काढता एवढंच म्हणाले, “बाई, मान वळवायची न्हाई. तोल जातो.”

त्यांना मागचं ऐकू आलं होतं की नाही, हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. माझ्या तोंडाशी निदान दहा वाक्यं आली होती, सगळी व्याकरणशुद्ध. एकही बोलले नाही. हात मागे नेला, तिने तो धरला, आणि मुरुड येईपर्यंत ती बोलत होती.

मुरुडला चहाच्या टपरीवर डॉक्टरांनी खिशातून एक चिठ्ठी काढली. लातूरच्या मनाच्या डॉक्टरांचा पत्ता होता. मी हळूच विचारलं, म्हणजे हिला वेड लागलंय का? ते पहिल्यांदा माझ्यावर चिडले. “बैलाला ताप आला तर आपण त्याला वेडा म्हणतो का, बाई? औषध देतो, आन चार दिस औताला जुंपत न्हाई.”

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या पत्त्यावर गेलो. औषधं सुरू झाली, वर्ष सोडलं, मीनू देगलूरला परत आली. पहिले काही आठवडे ती नुसती झोपली. मग एका संध्याकाळी रेहानाभाभींच्या ओट्यावरून तिचं हसणं ऐकू आलं, आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून पोळी जळू दिली. पुढे ती डॉक्टर झाली नाही. काय झाली, ते तुम्ही रोज बघताच.

मकबूल डॉक्टरांनी तशा आणखी सात फेऱ्या केल्या. मग गुडघ्यांनी साथ सोडली. एका दुपारी जेवून आडवे झाले, ते उठले नाहीत. मी तुमच्या आईला फोन केला. ती त्या मुरुडच्या फेरीबद्दल बोलत राहिली, आणि मी मध्ये एकदाही तिला तोडलं नाही.

तुम्ही माझ्याकडे तक्रार करता, की आई अधूनमधून एकेकट्याला गाडीत घालून उगाच लांब नेते, गाणी लावत नाही आणि कुठे जायचं ते सांगत नाही. पुढच्या वेळी जे मनात असेल ते बोलून टाका, अगदी खिडकीबाहेर बघत. ती मान वळवणार नाही.