ताईबरोबर क्रुसाच्या टेकडीवर

ताईला फिरायची भारी हौस. लग्नानंतर ती नेरला गेली आणि भावजींच्या कापडाच्या दुकानात अडकली, तरी वर्षातून एकदा कुठेतरी जायचंच, असा तिचा नेम होता. किडन्या गेल्या आणि तो नेम मोडला. आठवड्यातून दोनदा यवतमाळला जायचं, मशीनला लागून चार तास पडून राहायचं, परत यायचं, दुसरा दिवस अंग सावरण्यात घालवायचा. माझी किडनी तिला द्यायचं ठरलं होतं. तपासणीत माझ्याच किडनीत दोष निघाला. भावजींचं वय आणि साखर दोन्ही आड आली. त्यानंतर घरात तो विषय कोणी काढला नाही.

मी महागावला शाळेत शिकवते. सुट्ट्या जोडून ताईकडे जायची. मार्चच्या शेवटी गेले, तर ती म्हणाली, "शुक्रवारी आपल्याले फिरायले जायचं आहे. मी गाडी सांगून ठेवली."

"कुठं?"

"केळापूरच्या तिकडं. ख्रिस्ती लोकायची टेकडी आहे. येशूले क्रूस घेऊन जसं नेलं ना, तशी वाट केली आहे म्हणे. डायलिसिसवाल्या सिस्टर जाऊन राह्यल्या, त्याईच्यासंग जाऊ."

मी हसले. आमचं घर बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा देव्हाऱ्यातले टाक विहिरीत सोडले होते, ही गोष्ट ताईच आम्हाला लहानपणी रंगवून सांगायची.

"आपलं काय काम तिथं?"

"काम काय असते फिरायले? आपल्याले देव नाही, म्हणून तर कोणाच्याही देवाच्या घरी पाव्हणं जाता येते."

शुक्रवारी सकाळी ती हळदी रंगाचा पंजाबी ड्रेस घालून, काळा चष्मा लावून गाडीत बसली. चेहरा सुजलेला होता, पण लिपस्टिक लावली होती. यवतमाळला सिस्टर गाडीत आल्या. मूळच्या केरळच्या, पण निम्मं आयुष्य आमच्या जिल्ह्यात गेलेलं. त्या पांढऱ्या साडीत, उपाशी. गुड फ्रायडे होता. ताईने त्यांना बिस्किटं पुढे केली आणि मग जीभ चावली. "बाप्पा! सिस्टर, तुमचा तर उपवास."

पांढरकवड्याच्या पुढे डांबरी रस्ता सोडून गाडी सागाच्या रानात शिरली. सागाची पानं गळून गेली होती, सावली नव्हतीच. मोहाचा उग्र गोड वास तेवढा सगळीकडे होता. टेकडीच्या पायथ्याशी दोन-तीनशे माणसं जमली असतील. आजूबाजूच्या खेड्यांतली ख्रिस्ती कुटुंबं, गावातल्या शिक्षिका, नर्सबाया, काही कोलाम आदिवासी बायका. कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. पुढे चार माणसांच्या खांद्यावर लाकडी क्रूस होता. टेकडीवर जाणाऱ्या पायवाटेवर ठिकठिकाणी सिमेंटचे चौथरे बांधलेले, प्रत्येकावर रंगवलेलं चित्र. येशूला शिक्षा फर्मावली, येशूने क्रूस उचलला, येशू पहिल्यांदा पडला. प्रत्येक ठिकाणी लोक गुडघ्यावर बसायचे, फादर वाचायचे, मग एक संथ गाणं व्हायचं आणि सगळे पुढे निघायचे.

ताई मात्र सहलीला आलेली. पहिल्या चित्रापाशी तिने माझ्याकडून फोटो काढून घेतला. दुसऱ्यापाशी ती माझ्या कानाला लागली, "हा शिपाई पाह्य, थेट आपल्या तलाठ्यासारखा दिसते." मला हसू आवरेना. पुढची एक बाई वळून बघू लागली, तशी ताईने पदर नसताना डोक्यावर ओढणी घेतली आणि गंभीर चेहरा केला. तेवढ्यानेच मला आणखी हसू आलं. कितीतरी महिन्यांनी आम्ही दोघी अशा हसलो. मला वाटलं, आलो ते बरं झालं. हिला आता असंच कुठेकुठे न्यायचं.

येशू आपल्या आईला भेटतो त्या चित्रापाशी ताईचे पाय थांबले. दम लागला होता. मी तिला एका दगडावर बसवलं. सिस्टर पुढे जायला निघाल्या होत्या, त्याही परतल्या.

"ताई, इथेच बसा. वर नका येऊ."

"तुम्ही जा सिस्टर, तुमचं राहते. मी काही पळून जात नाही."

सिस्टर गेल्या. गर्दी वर सरकत राहिली. आमच्याजवळ मागे पडलेली एक म्हातारी येऊन बसली. पाय अनवाणी, टाचांना भेगा. तिने ताईकडे निरखून पाहिलं. हाताच्या नसेत सुया टोचून टोचून जी गाठ आली होती तिच्याकडेही पाहिलं.

"काय मागाले आली बाई?"

"काही नाही मावशी. फिरायले आलो आम्ही."

"मीही पयल्या खेपेले कोणासंग अशीच आलती," म्हातारी म्हणाली. "मंग पोराचं दुखणं निघालं. मंग दर सालाले मागाले येत गेली."

"बरा झाला?"

"नाही. मेला."

ताईने चष्मा काढला. "मंग आता कायले येता?"

म्हातारीने विचार केला. खरंच विचार केला. "घरी बसून तरी काय करू?" एवढं म्हणून ती गुडघ्यावर हात देत उठली आणि चढाला लागली. तिच्या बोलण्यात ना श्रद्धा होती, ना तक्रार. मला तिचा रागच आला. आजारी माणसापुढे असं बोलतात का?

ताई तिच्या पाठीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुले एक सांगायचं होतं. घरी ह्याईच्यासमोर जमत नव्हतं." भावजींना ती 'हे' म्हणायची. "मी आता मशीनवर नाही जाणार."

मला आधी वाटलं, सोमवारची पाळी चुकवायची म्हणते आहे.

"एक दिवस चुकली तरी किती त्रास होते, माहीत आहे ना तुले?"

"एक दिवस नाही. बंदच करतो म्हणून राह्यली मी."

"म्हणजे काय ताई?"

"म्हणजे जे होते थेच."

वर गाणं सुरू झालं होतं. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. नागपूरला दाखवू म्हणाले, मोठ्या दवाखान्याच्या यादीत नाव आहे म्हणाले, भावजींचं काय म्हणाले. माझं संपल्यावर ती म्हणाली, "नाव हाये, पण लागत नाही. मले बी समजते, तुले बी समजते. मशीनवरून उतरली की मी मेल्यावाणी होतो, आन् जरा जीव आला की परत चढाचा दिवस. हे जगणं नाही बाई. तू भांडू नको. तूच भांडली तर मी कोणाले सांगू?"

भांडण्यासारखं माझ्याकडेही काही उरलं नव्हतं, हे मला त्या दगडावर बसूनच कळलं. तिचं बरोबर होतं का, ते मात्र मला कधी कळलं नाही.

खाली सावलीत गावच्या लोकांनी पाण्याचे माठ ठेवले होते. ताईला दिवसभरात अर्धा लिटर पाणी मोजून मिळायचं. तोंड कोरडं पडलं की ती बर्फाचा खडा चघळायची, आणि उन्हाळ्यात तर रात्री स्वप्नात विहिरी दिसतात म्हणायची. ती उठली, माझा हात धरून खाली आली आणि माठातून पेला भरून घेतला. गटगट प्याली. दुसरा भरला. तोही प्याली. पाणी हनुवटीवरून ड्रेसवर सांडलं.

तेवढ्यात सिस्टर खाली उतरून आल्या. त्यांनी ताईला तिसरा पेला भरताना पाहिलं. मला वाटलं आता त्या हात धरतील. मशीनवर हेच पाणी उपसायला किती वेळ लागतो, अंगाला किती पेटके येतात, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं? त्या उभ्या राहिल्या. मग त्यांनी मान वळवून सागाच्या उघड्या झाडांकडे पाहिलं. तेव्हा मला समजलं, ताईने त्यांना आधीच सांगितलं होतं.

"थंड आहे," ताई म्हणाली. "तू घे."

मी घेतलं.

परतताना तिला धाप लागली. सिस्टरांनी तिला मागच्या सीटवर उशीला टेकवून बसवलं आणि यवतमाळपर्यंत तिचं मनगट हातात धरून ठेवलं. त्या काही पुटपुटत होत्या. प्रार्थना असेल. ताई डोळे मिटून म्हणाली, "सिस्टर, माह्यासाठी काही मागू नका हं. उगाच त्याले त्रास." सिस्टर पुटपुटायच्या थांबल्या नाहीत.

भावजींना सांगितलं तेव्हा ते रडले. दुकानात गिऱ्हाईक असताना, उघड्यावर. त्यांच्यासाठी ताई आणखी काही आठवडे मशीनवर गेली. मग एका सकाळी गाडी दारात आली आणि ती पलंगावरून उठली नाही. भावजींनी तिला दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा मारली नाही. गाडी त्यांनीच परत पाठवली.

मी रजा टाकून गेले. शेवटचे दिवस शांत असतात, असं मी कुठेतरी ऐकलं होतं. तसं काही नव्हतं. तिला श्वास पुरत नव्हता. आडवं होता येत नव्हतं, रात्रंदिवस बसून. दोनदा तिने मला ओळखलं नाही. एकदा ओळखलं आणि म्हणाली, "तू काहून आली? शाळा नाही काय?" सिस्टर सुट्टीच्या दिवशी येऊन इंजेक्शन देऊन जायच्या. माझा ताईवर राग होता, सिस्टरांवर राग होता, टेकडीवरच्या त्या म्हातारीवर तर सगळ्यात जास्त. राग कोणावर नाही काढला. काढून काय झालं असतं?

ती गेली तेव्हा खोलीत भावजी, सिस्टर आणि मी, आम्ही तिघं होतो. भिक्खू आले, त्रिशरण झालं. मेणबत्त्या लावल्या.

सगळं आटोपून माणसं पांगल्यावर भावजी दुकानाच्या पायरीवर माझ्याशेजारी येऊन बसले. मग विचारलं, "त्या टेकडीवर तुम्ही गेलते ना, तेव्हा ती कशी होती?"

"हसत होती," मी म्हणाले.

"हसत होती," ते म्हणाले. मग आत गेले आणि काउंटरवर पडलेला कापडाचा ठाण उगाच उलगडून पुन्हा गुंडाळू लागले. मी बाहेरच बसून राहिले. महागावची बस निघून गेली होती आणि दुसरी दुपारशिवाय नव्हती.