शेजारच्या खाटेवरचं गाऱ्हाणं

"जिणा गाऱ्हाणा घातल्यान ती आणि जेच्यार घातल्यान ता चेडू, दोघांय एकाच वॉर्डात! देवाक दुसरी खाट गावली नाय?"

पडद्यामागे वॉर्डातली आया हसत कोणाला तरी सांगत होती. ते चेडू, म्हणजे ती मुलगी, मी. तेवढ्यात डॉक्टर माझा रिपोर्ट घेऊन आले. "लेप्टोस्पायरोसिस," ते म्हणाले. उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून होणारा ताप. पायावरच्या बारीकशा जखमेतूनही जंतू शिरतात. "किडनीवर परिणाम झालाय. आठवडाभर तरी राहावं लागेल."

शेजारच्या खाटेवर शेवंता काकी होती. आमच्या घरामागे राहणारी. तिलाही हेच.

विहिरीच्या वाटेवरून तिचं आणि आमचं दोन वर्षं भांडण चालू होतं. पप्पांनी वाटेवर दगडांचा गडगा घातला, तेव्हा तिने देवळात गाऱ्हाणं घातलं, ह्यांच्या घरात दुखणं येऊ दे म्हणून. सगळ्या वाडीने ऐकलं. आम्ही ख्रिश्चन, असलं काही मानत नाही, असं पप्पा मोठ्याने म्हणायचे. पण मला ताप चढला आणि मम्मीला ते गाऱ्हाणं आठवलं. रोजच्या प्रार्थनेत ती वाडीतल्या आजाऱ्यांची नावं घेते. काकीचं घेत नव्हती. मीही सुचवलं नाही.

पहिले तीन दिवस फारसे आठवत नाहीत. पोटऱ्या पिळवटून निघत. लघवी कोऱ्या चहासारखी. डोळे उघडले की काकी माझ्याकडे बघत असायची, पिवळ्याजर्द डोळ्यांनी, पापणी न हलवता. मी कूस बदलली तरी तिचा श्वास मानेवर जाणवायचा. कधी आम्ही दोघी एकदमच कण्हायचो, आणि त्यातला माझा आवाज कोणता ते मला कळायचं नाही.

"तिच्याकडे बघू नको गो," मम्मी म्हणाली.

चौथ्या दिवशी डॉक्टरांनी काकीला विचारलं, "साचलेल्या पाण्यात गेला होतात?"

"गडग्याकडे तुंबता, थंय."

मीही त्यांना तेच पाणी सांगितलं होतं. वाट अडवली तसं पावसाचं पाणीही अडलं होतं, दोन्ही बाजूंना. गडगा आमचा होता.

भातलावणीच्या दिवसांत ताप आला, पोटऱ्या दुखल्या, तर घरी बसून राहू नका. कोणी काय गाऱ्हाणं घातलं याची चौकशी करण्याआधी आपल्या दाराजवळचं पाणी बघा. आम्ही दोघी वाचलो. पण मला सांगायचंय ते त्या दुपारचं.

मम्मी जेवायला गेली होती. लाईट गेली, पंखा थांबला. काकीला डायलिसिससाठी, म्हणजे मशीनवर रक्त शुद्ध करायला, गोव्याला हलवायचं ठरलं होतं. तिचा नवरा गाडी बघायला गेला होता.

अचानक ती बोलू लागली. देवळातला तोच आवाज. "बा देवा महाराजा..."

आता ही माझं नाव घेणार.

"...माका हयसर ठेवू नको. माका घराक व्हर. माका भय वाटता."

आणि थांबली. गाऱ्हाण्याला भोवतालच्यांनी होकार द्यायचा असतो. त्याशिवाय ते पुढे जात नाही. भोवती कोणी नव्हतं. तिने पुन्हा तेच म्हटलं, पुन्हा थांबली. डोळे कोपऱ्यातल्या रिकाम्या खुर्चीवर, जणू तिथून कोणी उत्तर देणार होतं.

शत्रूवर प्रेम करा, यावर शाळेत मी छान इंग्रजीत निबंध लिहिला होता. त्यातलं एकही वाक्य इथे चालणारं नव्हतं. हे येशूला चालेल का, तेही विचारायला कोणी नव्हतं.

ती तिसऱ्यांदा थांबली. या वेळी तिचा श्वासही ऐकू येईना.

"व्हय महाराजा," मी म्हणाले.